पलीकडच्या खडकावर

हेमलकसा, ता. भामरागड
२७ डिसेंबर

प्रिय सिस्टर,

जोहार.

तुझी चिठ्ठी परवा एसटीच्या कंडक्टरभाऊंनी शाळेत आणून दिली. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर निळ्या पेनाने एवढंच : ‘मॅडम, तू गोळ्या घेतेस ना?’ खाली सही नाही. इकडे मला ‘मॅडम’ म्हणून लगेच पुढे ‘तू’ म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत, पण लोहाच्या गोळ्यांची चौकशी करणारी एकटी तूच.

घेते. जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तास लांब ठेवून. तुझी खात्री पटावी म्हणून रिकामी पाकिटं डब्यात जपून ठेवली आहेत.

हे पत्र मी मासिकाला देते आहे. तुला संकोच वाटेल हे माहीत आहे. पण तुझ्या नव्या उपकेंद्रावर फोन लागत नाही, आणि चिठ्ठीच्या पुठ्ठ्यावर मावण्यापलीकडचं बोलायचं आहे. दुसरं कारण असं की कोल्हापूरच्या ट्रायथलॉन स्पर्धेच्या अर्जात एक रकाना होता : प्रशिक्षकाचं नाव. मी तो तीन दिवस रिकामा ठेवला. तुझं नाव लिहिलं तर तू म्हणशील, ‘मी कुठं काय शिकवलं?’ नाही लिहिलं तर मला खोटं बोलल्यासारखं वाटेल. त्या रकान्यापुढे बसून राहिले आणि हे पत्र सुरू झालं.

तुला सगळं पाठ आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर येऊन सायकल चालवायची, सायकल ठेवून धावायचं, आणि घड्याळ मध्ये कुठेही थांबत नाही. ओल्या अंगाने बूट चढवायला लागलेला वेळही धरला जातो. मी ज्या अंतराला नाव घातलंय त्याला ऑलिंपिक अंतर म्हणतात : १५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. २००० साली सिडनीत हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तो याच अंतराने. मला आता ४३ वर्षं पूर्ण झाली. गेल्या वर्षी याच सुमारास मला पोहता येत नव्हतं, सायकल दहावीनंतर सुटली होती, आणि शाळेच्या मैदानाला एक फेरी मारली तरी धाप लागत होती.

अर्ज भरला तो मावसबहिणीच्या आग्रहाने. ती कोल्हापूरची, तिने ही स्पर्धा दोनदा केली आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तिच्या घरी तिच्या मैत्रिणींच्या गप्पा ऐकता ऐकता मीही म्हटलं, ‘वर्षभरात करते.’ इथे परत आले, वेळापत्रक कागदावर छापून खोलीच्या भिंतीला चिकटवलं, आणि सहा आठवडे त्याच्याकडे नुसती बघत राहिले. तू मुलांच्या तपासणीसाठी शाळेत आली होतीस, पाणी प्यायला खोलीवर आलीस. कागदावर बोट ठेवून विचारलंस, ‘हे काय लावलं?’ मी सांगितलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस, हसली नाहीस, ‘वा’ही म्हणाली नाहीस. माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितलीस आणि म्हणालीस, ‘आधी रक्त दे.’

९.२. एवढं हिमोग्लोबिन घेऊन मी सायकलने रोज वीस किलोमीटर जायचे बेत करत होते. बाईमाणसाचं १२ च्या वर असावं लागतं हे पोषणाच्या धड्यात मी मुलींना शिकवते. स्वतःची धाप मात्र वयावर टाकून मोकळी झाले होते. तू सिकलसेलचीही तपासणी करून घेतलीस. या भागात तो आजार किती घरांत आहे हे तू रोज बघतेस. ज्यांना तो आहे त्यांना झेपण्यापलीकडचे श्रम, थंड पाणी आणि तहान यांनी किती वेदना होतात, हे तू मला तेव्हा समजावून सांगितलंस. माझा अहवाल बरा आला. मग तू गोळ्या दिल्यास, आणि तीन महिने धावायचं नाही, फक्त चालायचं आणि सायकल, असं सांगितलंस. भिंतीवरच्या वेळापत्रकात असं काही नव्हतं. ते ज्याने बनवलं होतं त्याने माझी पापणी ओढून बघितली नव्हती.

लोक मला विचारतात, एवढी जिद्द कुठून आली? त्यांना वाटतं, सकाळी उठल्यावर माझ्या आत काहीतरी पेटतं. तसं काही होत नाही, सिस्टर. सकाळी मला झोपावंसं वाटतं. जानेवारीतल्या थंडीत इथल्या कौलारू खोलीत गोधडीतून पाय बाहेर काढणं जिवावर येतं. पण तू सहाला नाक्यावर सायकल धरून उभी असायचीस. माझ्या सरावासाठी नव्हे, तुला उपकेंद्रावर जायचंच असायचं. बारा किलोमीटर, बिनगियरची सायकल, मागे औषधांची पिशवी, मडगार्डचा आवाज. मी आले नसते तर तू दहा मिनिटं थांबून निघून गेली असतीस, आणि संध्याकाळी काही बोललीही नसतीस. त्या दहा मिनिटांची मला लाज वाटायची. ज्या माणसाला दिवसभरात चार गावं करायची आहेत त्याची दहा मिनिटं मी गोधडीत घालवू शकत नव्हते. एवढंच माझं बळ. तू इथे होतीस तोवर ते पुरलं.

तू मला एकदाही ‘शाब्बास’ म्हणाली नाहीस, हे मी आत्ता लिहिताना मोजून बघितलं. खरंच, एकदाही नाही.

मार्च लागला आणि मोह गळायला लागला. बाया-मुलं अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली जायची. मला वाटलं, आपणही पहाटे चारला निघावं, ऊन टळेल. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा लातूरकरणीलाही सोसत नाही, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. तू म्हणालीस, ‘मोहाला अस्वल माणसाइतकंच लवकर उठतं.’ मग नियम ठरला : उजाडल्याशिवाय रस्त्यावर पाऊल नाही, डांबर सोडायचं नाही, वळणावर घंटी वाजवायची. वाटेत रस्त्याकडेला राहणाऱ्या आजीच्या घरासमोर आपण थांबायचो. आजी आंबील द्यायची. शहरात सायकलवाले पाकिटातली गोड जेल खातात. मी ती मागवलीही होती, एक खाल्ली आणि उरलेली तशीच ठेवली. मोहाचा लाडू आणि आजीची आंबील यांवर माझे ४० किलोमीटर पार पडतात. लांबच्या दिवशी बाटलीत काय भरायचं तेही तूच शिकवलंस : लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाबाच्या लेकराला देतात तेच. साखर आणि मीठ आतड्यातून एकमेकांचा हात धरून आत जातात, एकाशिवाय दुसरं नीट शोषलं जात नाही, म्हणून माप चुकवायचं नाही, हे तू गावातल्या आयांना सांगतेस तसंच मला सांगितलंस.

आता पाण्याचं.

मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. आम्ही ते घागरीत बघितलं. आमच्या घरी पाणी मोजून वापरायची सवय हाडात मुरलेली. पाण्यात आडवं पडायचं, त्याच्यावर भार टाकायचा, ही गोष्ट मला मनाने पटतच नव्हती. आणि नेमणूक मिळाली ती कुठे, तर इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा जिथे एकमेकींना भेटतात तिथे. सहा वर्षं मी संगमावर पाहुण्यांना घेऊन जात होते, काठावर उभी राहून फोटो काढत होते, घोट्याच्या वर पाणी येऊ देत नव्हते.

मे महिन्यात पाणी उतरलं, डोह शांत झाला, तेव्हा तू मला नेलंस. मी जुनी ट्रॅकपँट आणि टीशर्ट घालून आले होते आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायका बघतील म्हणून अवघडले होते. त्यांनी बघितलं आणि पुन्हा धुण्याला लागल्या. तू कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलीस, माझ्या पाठीखाली हात धरलास आणि म्हणालीस, ‘मॅडम, मान सोड. भीती मानेत बसते.’

पोहायला शिकवणारी माणसं हात हळूच काढून घेतात आणि मग ‘बघ, तू तरंगतेस!’ म्हणतात, असं मी ऐकलं होतं. तू तसं केलं नाहीस. दर वेळी आधी सांगायचीस, ‘आता काढते.’ मी ‘नको’ म्हटलं की काढायची नाहीस. चार दिवस मी ‘नको’ म्हणाले. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, ‘काढ.’ या चार दिवसांबद्दल मला तुझे आभार मानायचे होते. शाळेत पहिलीच्या मुलांना पाटीवर हात धरून गिरवायला लावते तेव्हा मला आता ते चार दिवस आठवतात. मीही आता हात काढण्याआधी सांगते.

हात-पाय मारायची शहरी रीत मी सुट्टीत लातूरच्या तलावात बघून बघून उचलली. पण तरण तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, ती धरून सरळ जाता येतं. नदीत रेघ नाही. उघड्या पाण्यात पोहणाऱ्याला दर आठ-दहा हातांनी डोकं जरा वर काढून समोरची खूण बघावी लागते, नाहीतर तो वाकडा जातो आणि दीड हजार मीटरचे अठराशे होतात. तू पलीकडच्या खडकावर जाऊन उभी राहिलीस. पांढरा रुमाल डोक्याला बांधलेला. मी डोकं वर काढायचे, रुमाल बघायचे, खाली घालायचे. पुन्हा वर, पुन्हा रुमाल. कितीदा तरी पाणी नाकात गेलं, आणि मधोमध आल्यावर खाली तळ लागत नाही हे कळून छातीत धस्स व्हायचं. तेव्हा डोकं वर काढलं की तू तिथेच असायचीस, हातसुद्धा न हलवता. मला पुढे बोलवत नव्हतीस, मागेही पाठवत नव्हतीस. कोल्हापूरच्या तलावात खुणेला फुगवलेले मोठे रंगीत गोळे असतील. मी त्यांच्या जागी काय बघणार आहे ते तुला सांगायला नको.

पाऊस लागला आणि डोह बंद. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागड तुटतं, हे बाहेरच्यांना बातमीत कळतं. इथल्यांना ते किराणा, बाळंतपण आणि लशी यांच्या हिशेबात कळतं. जूनअखेर मी तुझ्याबरोबर एकदा लसीकरणाला आले होते, आठवतं? नाल्यापर्यंत सायकल, मग डोंग्यातून पलीकडे, मग चिखलातून सहा किलोमीटर पायी. लशींचा निळा डबा तू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत होतीस, माझ्याकडे देत नव्हतीस. आत बर्फाच्या पिशव्या, दोन ते आठ अंशांच्या बाहेर लस गेली की गेलीच. मी अगदी भरून येऊन म्हटलं, ‘सिस्टर, ही तर तुझी रोजचीच ट्रायथलॉन!’ तू काही बोलली नाहीस. बऱ्याच अंतराने, पुढच्या गावचं देवाचं झाड दिसायला लागल्यावर म्हणालीस, ‘मॅडम, तुला कंटाळा आला तर तू परत फिरशील. मला सोळा लेकरं टोचायची आहेत.’

आवाजात राग नव्हता. पण त्या दिवसापासून मी ती तुलना कुणासमोर केलेली नाही, आणि दुसऱ्या कुणी केली तर थांबवते. तुझं चालणं हे काम आहे, माझं धावणं ही मी स्वतःला दिलेली भेट आहे. तुझ्या रस्त्यावर पूल हवा, गाडी हवी, दुसरी सिस्टर हवी. कौतुक करून तो पूल होत नाही. हे मला मासिकातही लिहून ठेवायचं होतं.

जुलैत ताप भरला. तू बोट टोचून पट्टीवर रक्त घेतलंस, पंधरा मिनिटांत दोन रेघा. फाल्सिपॅरम. तीन दिवसांच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एक डोस. ताप पाच दिवसांत गेला पण अंगातली ताकद घेऊन गेला. हिमोग्लोबिन पुन्हा दहावर. मी रडले, हे तुला माहीत आहे. सहा महिन्यांचं सगळं वाहून गेलं असं वाटलं. तू संध्याकाळी यायचीस, भाकरी खाल्ली का बघायचीस, आणि उंबऱ्यावर बसून म्हणायचीस, ‘तुझ्या त्या खेळाचं काहीतरी सांग.’ मग मी अंथरुणावर फोनमध्ये जे वाचलेलं असे ते तुला सांगायचे.

पहिली ट्रायथलॉन झाली ती २५ सप्टेंबर १९७४ ला, अमेरिकेत सॅन दिएगो इथे. ४६ जण होते. बुधवारची संध्याकाळ, शेवटची माणसं यायच्या आधीच अंधार पडला, म्हणून मित्रांनी गाड्या उभ्या करून त्यांचे दिवे रस्त्यावर सोडले. तू लगेच वर्ष धरलंस : ‘म्हणजे आपल्या प्रकल्पापेक्षा लहान.’ खरंच की. बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला २३ डिसेंबर १९७३ ला. तू त्यांच्याच आश्रमशाळेत शिकलीस, तुला ती तारीख वाढदिवसासारखी पाठ आहे. मग तू मला त्या सुरुवातीच्या दिवसांचं सांगितलंस, तुझ्या आजोबांकडून ऐकलेलं. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात सहा महिने जगाशी संबंध नाही. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तर होतेच, पण विलास मनोहरांसारखे सोबतीही होते, त्यांना इथे येऊन राहायची कुणी सक्ती केलेली नव्हती. मी एवढी वर्षं इथे राहून हे पुरस्काराच्या बातम्यांमधून वाचत होते. २००८ चा मॅगसेसे, २०१४ चा चित्रपट. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला दिसलं की सुरुवातीला इथे फक्त एकमेकांची सोबत होती.

आणि ते सायकलचं. १९८५ च्या २४ डिसेंबरला बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ म्हणून निघाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना नीट बसताही येत नव्हतं. सायकली चालवल्या शंभराहून जास्त तरुण-तरुणींनी, आणि बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. मला हे चित्र फार जवळचं वाटतं. नागपूरचे अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत बारा दिवसांच्या आत सायकलने गेले. स्पर्धा नावाला एकट्याची, पण मागे गाडीत माणसं होती. कधी खायला द्यायचं, कधी झोपू द्यायचं, कधी उठवायचं, हे तीच माणसं ठरवतात. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे भाऊ त्याआधी २०१५ ला तिथे जोडीने उतरले होते, आळीपाळीने सायकल चालवत.

तुला सगळ्यात आवडली ती ज्युली मॉसची गोष्ट. १९८२ चा फेब्रुवारी, हवाईतली आयर्नमॅन. म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणं. ज्युली सगळ्या बायकांच्या पुढे होती. शेवट समोर दिसत असताना तिचे पाय गेले. पडली, उठली, पुन्हा पडली. अगदी शेवटी मागून कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि जिंकली. ज्युली रांगत रांगत रेषेपर्यंत आली, २९ सेकंदांनी दुसरी. ते रांगणं जगाने टीव्हीवर पाहिलं आणि हा खेळ घराघरांत पोचला. मी सांगून थांबले. तू विचारलंस, ‘मग त्या दोघींचं काय झालं?’ मला तेव्हा माहीत नव्हतं. तू गेल्यावर शोधलं. दोघींची पुढे मैत्री झाली, आणि २०१२ मध्ये, तीस वर्षांनी, त्या दोघी बरोबर जाऊन त्याच स्पर्धेत पुन्हा उतरल्या. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं तर तू एवढंच म्हणालीस, ‘हे बरं झालं.’ आणि माझी नाडी बघितलीस.

ऑगस्टच्या शेवटी मी पुन्हा चालायला लागले, सप्टेंबरात धावायला. सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव असतो, त्याला ब्रिक म्हणतात. पहिली दहा मिनिटं पाय आपले वाटतच नाहीत, मांड्यांत वाळू भरल्यासारखं होतं. तुझ्या उपकेंद्राच्या अंगणात मी सायकल टेकवायचे आणि धावत सुटायचे. लसीला आलेल्या आया लेकरं कडेवर घेऊन बघत राहायच्या. एकीने तुला विचारलं होतं म्हणे, ‘मॅडमच्या मागे काय लागलं?’ तू काय उत्तर दिलंस ते तू कधी सांगितलं नाहीस. रविवारी भेटलो की सांग.

आणि ऑक्टोबरात तुझी बदली झाली. तीन दिवसांत सामान आवरायचं, हजर व्हायचं. त्यावर आपण दोघींनी जे बोलायचं ते बोलून झालं आहे, इथे लिहीत नाही.

तू गेलीस त्या सोमवारी मी सहाला नाक्यावर गेले. कुणी नव्हतं. अर्धा तास उभी राहिले आणि घरी येऊन झोपले. मंगळवारी गेलेच नाही. तीन आठवडे असेच गेले. भिंतीवरचा कागद होता, मावसबहिणीचे फोन होते, ‘तू करू शकतेस’ असे संदेश येत होते. माझ्या वर्गात मिशन शौर्यचं चित्र लावलेलं आहे, २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं एव्हरेस्टला गेली आणि पाच जण शिखरावर पोचले त्याचं. ते चित्र दाखवून मी मुलांना दर वर्षी सांगते की तुमच्यासारखीच होती ती. त्या तीन आठवड्यांत मी त्या चित्राकडे पाठ करून शिकवत होते.

मग तुझी पहिली चिठ्ठी आली. ‘मॅडम, आजी म्हणते तू तीन आठवडे आली नाहीस. ताप आहे का?’

तू जाताना आजीला सांगून गेली होतीस! मला पत्ता नव्हता. रस्त्याकडेला बसून मोहाच्या बिया फोडणारी ती बाई रोज सकाळी माझी मोजणी करत होती आणि तुझ्या बाजूला जाणाऱ्या माणसाजवळ निरोप देत होती. मी दुसऱ्या दिवशी सायकल काढली, आजीकडे गेले. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची मोडकी येते. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला, आंबील दिली, आणि बोटं मोडून दाखवली. एकवीस. मी एकवीस दिवस चुकवले होते, तिच्याकडे नोंद होती.

तेव्हापासून एकही दिवस चुकला नाही. ताडगावच्या दिशेने २० किलोमीटर जाते आणि परत येते. दोन्ही बाजूंना साग उभा असतो, आता पानं पिवळी पडून गळायला लागली आहेत. मागच्या रविवारी ४० किलोमीटर सायकल आणि वर ८ किलोमीटर धावणं, तीन तासांच्या जरा आत. पोहणं मात्र राहतंय. डोहावर एकटीने उतरायचं नाही हा तुझा नियम मी पाळते. लातूरला जाऊन आठ दिवस तलावात काढेन, तिथूनच कोल्हापूरला जाईन.

अर्जात आणखी एक रकाना होता. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या मागे तो छापतात : रक्तगट, संकटाच्या वेळी कुणाला कळवायचं, आणि त्या माणसाशी नातं. रक्तगट तूच काढलेला आहे. नात्याच्या जागी मी ‘सिस्टर’ लिहिलं होतं, आणि ते वाचणाऱ्याला सख्खी बहीण वाटली असती तरी मला चाललं असतं. पण तुझा फोन लागत नाही. वेळ आली तर ते कुणाला कळवणार? म्हणून शेवटी भावाचा नंबर दिला. रागावू नकोस. प्रशिक्षकाच्या रकान्यात मात्र तुझं नाव घातलं आहे. आडनावासकट, आणि पुढे ‘आरोग्यसेविका’ असं लिहिलंय. तिथे फोन विचारत नाहीत.

रविवारी तुझ्याकडे येते आहे. सायकलने, ३८ किलोमीटर. उजाडल्यावर सातला निघेन, नाक्यावरून आजीकडे थांबून पुढे. पोचल्या पोचल्या मला अर्धा तास धावायचं आहे, तेव्हा दारात उभी राहून ‘बस, बस’ म्हणू नकोस, आधी धावू दे. चहा ठेवू नकोस, आंबील ठेव. रक्त तपासायची पट्टी असेल तर बाजूला काढून ठेव, बाराच्या वर गेलं का बघू. येताना लिंबं आणि तुझ्या विसरलेल्या दोन साड्या आणते. तो पांढरा रुमालही माझ्याकडेच राहिला आहे. तो मी कोल्हापूरहून आल्यावर देईन.

साडेनऊपर्यंत पोचले नाही तर काळजी करू नकोस. आजीला सांगून ठेवलं आहे, मी तिच्या घरावरून किती वाजता गेले ते ती मागून येणाऱ्या पहिल्या गाडीवाल्याजवळ कळवेल.

तुझी,
मॅडम